देव मानणारा बाप



घरातलं वयस्कर माणूस गेलं की तेरा दिवस घर भरलेलं असतं. भेटायला येणारा प्रत्येक जण एखादी आठवण सांगून जातो. चौदाव्याला गोडाचं जेवण होतं, पाहुणे आपापल्या गावी जातात, गाद्या-सतरंज्या परत माळ्यावर चढतात. मोठी माणसं बँकेच्या आणि वारसाच्या कागदांमागे लागतात. इतके दिवस कोपऱ्यात बसून सगळं ऐकणारी मुलं मात्र आता विचारायला लागतात.

"आजोबा रोज दोन-दोन तास पूजा करायचे. त्यानं काय व्हायचं?"

मी शाळेत संस्कृत शिकवलं. निवृत्तीनंतरही आसपासची मुलं घरी शिकायला येतात आणि त्यांना न्यायला आलेले आई-वडील दारात उभ्या उभ्या बोलतात. मुलांच्या अभ्यासाचं थोडं आणि घरचं पुष्कळ. हा प्रश्न मी त्यांच्याच तोंडून वरचेवर ऐकते. "बाई, पोरगी उर्मटपणानं विचारत नाहीये हो. तिला खरंच कळत नाहीये. आणि मलाही नीट सांगता येत नाही."

अशा वेळी आपण बहुतेक जण आणखी सवयी सांगतो. आजोबा पहाटे उठायचे, कधी एकादशी मोडली नाही, कपाळाला गंध लावल्याशिवाय पाणी प्यायले नाहीत. हे सगळं खरं असतं आणि ते आठवावंसंही वाटतं. पण मुलाला जे हवं आहे ते त्यात सापडत नाही. म्हणून मी सांगते, त्या माणसाच्या देवानं त्याला घरातल्या माणसांसाठी काय करायला लावलं, ते सांगा. सोपी वाट समोर असताना ज्या दिवशी त्यानं ती धरली नाही, तो दिवस सांगा.

हे नुसतं सांगून कळण्यासारखं नाही, म्हणून एका माणसाचं आयुष्य तुमच्यापुढे ठेवते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, लॉ कॉलेज रस्त्यावर त्यांच्या नावाची संशोधन संस्था आहे. जे जुन्या पद्धतीनं संस्कृत शिकले त्यांच्या हातात 'मार्गोपदेशिका' आणि 'संस्कृतमंदिरांतःप्रवेशिका' ही त्यांची पुस्तकं पडलेली असतात. पंडित म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत. मला तुमच्याशी बोलायचं आहे ते बाप म्हणून आणि प्रार्थना करणारा माणूस म्हणून त्यांच्याविषयी.

६ जुलै १८३७ ला मालवणात जन्म. वडील महसूल खात्यात कारकून. त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि त्यामुळे मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. तिथून मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली जे पहिले पदवीधर बाहेर पडले त्यांत महादेव गोविंद रानडे होते आणि भांडारकरही होते. पुढे सिंधमधल्या हैदराबादला आणि मग रत्नागिरीला हेडमास्तर, नंतर एल्फिन्स्टनमध्ये संस्कृतचे अध्यापक. तिथे प्राध्यापकाच्या जागेवर त्यांनी हंगामी काम केलं, पण कायमची नेमणूक करायची वेळ आली तेव्हा सरकारनं ती त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या पीटर पीटर्सन या गोऱ्या माणसाला दिली. त्या काळात हिंदी माणसाच्या वाट्याला हे नेहमीच यायचं. भांडारकरांनी काम सोडलं नाही आणि त्याच पीटर्सनबरोबर संस्कृत हस्तलिखितांच्या शोधाचं सरकारी काम केलं. १८८२ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले.

ही झाली कुठल्याही चरित्रकोशात सापडणारी माहिती. आता त्यांच्या देवाकडे वळते.

तरुणपणी, मुंबईत शिकत असताना, ते परमहंस सभेत जात. ही सभा गुप्त होती. जातिभेद मानायचा नाही असं ठरवलेली ही मंडळी रात्री जमत, प्रार्थना म्हणत, आणि नव्या सभासदानं ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा असा तिथला नियम होता. सगळं दाराआड चाले. १८६० च्या सुमाराला सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभाच मोडली, कारण लोकांना कळलं तर काय, ही भीती तिच्या बुडाशीच होती. मुलांना हा प्रसंग जरूर सांगा. मोठमोठी माणसंही विशीत घाबरलेली असतात, हे त्यांना कळू द्या.

१८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला तो मात्र उघडपणे. डॉ. आत्माराम पांडुरंग पुढे होते, मागोमाग रानडे आणि भांडारकर आले. देव एकच आहे, त्याची मूर्ती नाही, तो अवतार घेत नाही, त्याच्याजवळ जायला मध्यस्थ लागत नाही, आणि सगळी माणसं त्याची लेकरं म्हणून एकमेकांची भावंडं आहेत, असं ते मानत. त्यांनी हिंदू समाज सोडला नाही, घरदार सोडलं नाही, वेगळी जात करून राहिले नाहीत. उपासनेला तुकोबा, नामदेव यांचे अभंग. आपल्या संतांनी जो देव घराघरांत नेला होता, त्याच्याच पायाशी हे शिकलेले लोक जाऊन बसले. भांडारकर नेमानं उपासना चालवत, व्याख्यानं देत. त्यांची ही मराठी व्याख्यानं आणि लेख पुढे द्वारकानाथ गोविंद वैद्य यांनी एकत्र करून पुस्तकरूपानं छापले. वेदांवर आणि व्याकरणावर बोट ठेवून बोलणारा हा पंडित तिथे अगदी साध्या मराठीत पाप, पश्चात्ताप, प्रेम यांविषयी बोलतो.

मला त्यांच्या विद्येपेक्षाही याचं जास्त आश्चर्य वाटतं. शिकलेल्या माणसाला देवाविषयी बोलायला संकोच वाटतो. आज तर तो फारच वाटतो. एक तर आपण सगळं निमूट करतो, नाही तर सगळं सोडून देतो, आणि मुलांशी त्यावर एक वाक्य धडपणे बोलत नाही. भांडारकर बोलत.

आता १८९१ सालाबद्दल. इथे मला थोडं थांबायचं आहे.

त्यांची एक मुलगी लहान वयात विधवा झाली होती. पांढरपेशा घरातल्या विधवेच्या वाट्याला तेव्हा काय येई, हे आजच्या मुलांना सांगितल्याशिवाय कळणार नाही. डोक्यावरचे केस काढत. अंगावर लाल आलवण येई. जेवण दिवसातून एकदा. घरात मंगलकार्य असलं की तिनं मागच्या खोलीत राहायचं. सकाळी बाहेर पडणाऱ्या पुरुषाला ती समोर दिसली तर अपशकुन. पंधरा वर्षांची असो की पंचवीस, पुढचं सगळं आयुष्य असंच. घरात ती राबे, सगळ्यांची बाळंतपणं काढी, आणि आपलं स्वतःचं असं तिचं काहीच नसे. आई-वडील दुष्ट असत असं मुळीच नाही. रात्री तिच्यासाठी रडत आणि सकाळी उठून तोच नियम पाळत. धर्मच आहे तसा, असं सगळे मानून चालत.

विधवेचं लग्न कायदेशीर करणारा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण कायदा कागदावर राहिला. १८६९ साली विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकारानं मुंबईत एक पुनर्विवाह लागला तेव्हा शंकराचार्यांपर्यंत वाद गेला आणि बहिष्कार पडले. सभेत पुनर्विवाहाच्या बाजूनं भाषण करणारे पुष्कळ निघत. आपल्या घरात ते करून दाखवायची वेळ आली की एकेक जण मागे सरे.

रानड्यांचीच गोष्ट घ्या. ते विधवाविवाहाचे मोठे पुरस्कर्ते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. आता रानडे विधवेशी लग्न करतील अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांनी हट्ट धरला आणि एकतीस वर्षांच्या रानड्यांचं लग्न अकरा वर्षांच्या मुलीशी लागलं. ती मुलगी म्हणजे रमाबाई. त्यांनी तिला शिकवलं, तिचं मोठेपण फुलू दिलं, आणि रमाबाईंनी पुढे पुण्यात सेवासदन उभं केलं, हे सगळं आपल्याला माहीत आहे. पण त्या दिवशी रानडे वडिलांपुढे वाकले. मी त्यांना दोष द्यायला बसलेली नाही. आपल्याच वडिलांचं मन मोडणं किती अवघड असतं, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मला फक्त दाखवायचं आहे की त्या काळी ही गोष्ट रानड्यांसारख्यालाही जमली नाही.

१८९१ साली भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचं पुन्हा लग्न लावून दिलं.

तेव्हा ते चौपन्न वर्षांचे होते. डेक्कन कॉलेजचे प्राध्यापक. जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठानं १८८५ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी दिलेली, १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला जाऊन आलेले. मिळवायचं ते सगळं मिळालं होतं, गमावण्यासारखंही तेवढंच होतं. जातीतल्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. बहिष्काराचा अर्थ मुलांना समजावून सांगा. तुमच्याकडे कार्याला कुणी येत नाही, तुम्हाला कुणी बोलावत नाही. भटजी मिळत नाही. तुमच्या हातचं पाणी चालत नाही. बाकीच्या मुला-मुलींची स्थळं अडतात. घरातली बाई पाणवठ्यावर, देवळात, नातलगांत एकटी पडते. पुरुष कॉलेजात जाऊन पुस्तकात डोकं घालू शकतो. बायकोला ती सोय नसते. म्हणून असा निर्णय घेणाऱ्या माणसाविषयी बोलताना त्याच्या घरातल्या बाईचंही नाव त्याच वाक्यात घ्यायला हवं. अन्नपूर्णाबाई, भांडारकरांची पत्नी. तिच्याविषयी फारसं छापलं गेलेलं नाही, पण त्या दिवसांचा मोठा भार तिनंच उचलला असणार, हे संसार केलेल्या कुठल्याही बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच वर्षी संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र पेटला होता. कलकत्त्यात एका अजाण मुलीचा नवऱ्याच्या जबरदस्तीनं जीव गेला होता, आणि सरकार ही वयोमर्यादा दहावरून बारावर नेत होतं. धर्मात हात घालू नका, असं म्हणणाऱ्यांचे पुढारी टिळक होते. भांडारकरांनी तेव्हा मुलींच्या लग्नाच्या वयावर एक टिपण लिहिलं. गृह्यसूत्रं उघडून दाखवलं की त्या काळच्या विवाहविधीत वधू वयात आलेली धरलेली आहे, कोवळ्या पोरीचं लग्न ही मागाहून आलेली चाल आहे. ज्या शास्त्राच्या नावानं लोक भांडत होते ते शास्त्र त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी ते मुलींच्या बाजूनं उभं केलं.

एका हातात टिपण, दुसऱ्या हातात लेकीच्या लग्नाची तयारी. दोन्ही एकाच वर्षात. जे पुस्तकात खरं ठरलं ते घरातही खरं ठरायला हवं, एवढा साधा हिशोब. आणि तो हिशोब त्यांच्या प्रार्थनेतून आला होता, असं मला मनापासून वाटतं. दर आठवड्याला देवापुढे उभं राहून सगळी माणसं तुझी लेकरं असं म्हणायचं, आणि घरी येऊन आपल्याच लेकराला मागच्या खोलीत बसवायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आता कुठे आहे केशवपन, कुठे आहे आलवण? मागची खोली अजून आहे हो. फक्त तिच्यात बसणारी मुलं बदलली आहेत. घटस्फोट घेऊन परत आलेली मुलगी. जातीबाहेर लग्न केलेला मुलगा. मन आजारी असलेली, औषधं घेणारी नात, जिच्याबद्दल पाहुण्यांना "ती परीक्षेच्या अभ्यासात आहे" असं सांगितलं जातं. गणपतीत सगळं घर जमतं तेव्हा कुणाला आरतीला बोलावायचं राहून जातं, ते बघा.

माझ्या सासऱ्यांचं एक सांगते. आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू. जुन्या वळणाचे, सोवळ्यात पूजा करणारे, संध्याकाळी हरिपाठ झाल्याशिवाय ताटावर न बसणारे. माझ्या मोठ्या नणंदबाई लहान मुलाला घेऊन सासर सोडून माहेरी आल्या तेव्हा आळीत कुजबुज सुरू झाली. मामंजी त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. माझी धाकटी जाऊ नि मी काळजीत होतो, कारण चैत्र लागला होता आणि घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू असे.

त्या दिवशी ओटीवर बायका भरल्या होत्या. आंब्याची डाळ वाटून झाली होती, पन्ह्याचे पेले भरलेले, भिजवलेले हरभरे परातीत. वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. बाहेर येत नव्हत्या, आत जात नव्हत्या. त्यांनी कुंकू लावावं की लावू नये, यावर दोघी-तिघींची डोकी जवळ आली होती. बायकांच्या कार्यात मामंजी कधी डोकावत नसत. त्या दिवशी ते माजघरातून आले, गौरीपुढची कुयरी उचलली, वन्संच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरी, तू लाव सगळ्यांना. पहिलं तुझ्या आईला लाव." आणि परत आत जाऊन त्यांनी पोथी उघडली.

माझा मुलगा तेव्हा सात-आठ वर्षांचा असेल. हरभरे खात बसला होता. आजोबांच्या पूजेचे मंत्र आज त्याला येत नाहीत. ही गोष्ट मात्र त्यानं आपल्या बायकोला सांगितली आहे, मुलीला सांगितली आहे. हरिपाठानं काय होतं हे त्याला विचारायची गरज पडली नाही.

पुन्हा भांडारकरांकडे येते, कारण दीर्घायुष्याबद्दल बोलायचं राहिलं.

"जीवेत् शरदः शतम्" असं आपण वाढदिवसाला म्हणतो. पण जास्त जगणं म्हणजे आपल्या माणसांना एकेक करून पोचवणं. काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान, ते १८९३ मध्ये गेले. रानडे १९०१ मध्ये. गोखले १९१५ मध्ये. प्रार्थना समाजातले जोडीदार नारायणराव चंदावरकर १९२३ मध्ये. ज्यांच्याबरोबर तारुण्यात भांडलो, स्वप्नं पाहिली, ती सगळी माणसं गेली आणि आपण मागे राहिलो, हे सोसायला माणसाजवळ काहीतरी लागतं. कुणी कडवट होतो. कुणी आमच्या वेळचं आता उरलं नाही असं म्हणत दिवस ढकलतो. भांडारकर कामाला लागलेले दिसतात.

१८९३ मध्ये डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाल्यावर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मुलींच्या शिक्षणासाठी १८८४ साली पुण्यात जी शाळा निघाली, जिला आपण हुजूरपागा म्हणतो, तिच्या संस्थापकांत ते होते, आणि १९१६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं तेव्हा त्याचे पहिले कुलपतीही तेच झाले. आपल्या लेकीची काळजी वाहणाऱ्या या बापानं पुष्कळ लेकींची काळजी वाहिली. १९१२ साली पुण्यात विठ्ठल रामजी शिंद्यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी परिषद भरवली, तिचं अध्यक्षपद पंचाहत्तरीतल्या भांडारकरांनी घेतलं.

१९१३ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांचं वैष्णव, शैव आणि इतर पंथांवरचं मोठं पुस्तक छापून आलं. भागवत धर्माच्या उगमापासून तुकोबांपर्यंतची भक्तीची वाट त्यांनी त्यात कालक्रमानं, पुराव्यानिशी लावली. श्रद्धा होती म्हणून पुरावा सैल सोडला नाही. त्यात एक निरीक्षण आहे, ते मला फार आवडतं. उत्तरेकडच्या काही पंथांत कृष्णाशेजारी राधा आहे, आणि आपल्या मराठी संतांच्या विठोबाशेजारी रुक्मिणी आहे, त्याची लग्नाची बायको. मराठी भक्तीला जो संयत, घरगुती सूर आहे तो त्यांना तिथे दिसला. आयुष्यभर संसार केलेल्या, मुलाबाळांत, पुढे नातवंडांत राहिलेल्या माणसाच्याच नजरेला हे दिसावं, असं मला वाटतं. त्यांच्या मुलांपैकी श्रीधरपंत संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि देवदत्त मोठे पुराणवस्तुसंशोधक, कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक. घरात पुस्तकं होती आणि पुस्तकांतलं खरं मानणारा बाप होता.

६ जुलै १९१७ ला, त्यांना ऐंशी वर्षं पुरी झाली त्या दिवशी, त्यांच्या नावानं संस्था सुरू झाली. त्यांनी आपला खासगी ग्रंथसंग्रह तिला देऊन टाकला. जन्मभर पैसा पैसा जोडून जमवलेली पुस्तकं डोळ्यांदेखत घराबाहेर जाऊ देणं सोपं नसतं. ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे त्यांना कळेल.

१ एप्रिल १९१९ ला त्याच संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. देशभरातल्या हस्तलिखितांमधला श्लोक श्लोक ताडून बघायचा होता. आरंभाचा मंगलश्लोक एक्याऐंशी वर्षांच्या भांडारकरांनी आपल्या हातानं लिहिला. आपल्या हयातीत हे पुरं होणार नाही, हे त्यांना कळत नसणार असं कसं म्हणता येईल? ते काम संपलं १९६६ साली, राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन पुण्याला आले तेव्हा. भांडारकरांना जाऊन तोवर एकेचाळीस वर्षं झाली होती.

२४ ऑगस्ट १९२५ ला, ऋषिपंचमीला, ते गेले. संस्थेत त्यांची पुण्यतिथी अजून ऋषिपंचमीलाच पाळतात.

ते फार मऊ माणूस होते असं मात्र मुलांना सांगू नका. ते करडे होते, चूक दिसली की मुलाहिजा ठेवत नसत. अभिमानापोटी जुन्या काळाबद्दल वाटेल ते बोलणाऱ्यांना त्यांनी कधी साथ दिली नाही, आणि जुनं म्हणजे सगळं टाकाऊ म्हणणाऱ्यांनाही नाही. आपल्या घरच्या आजोबांचंही असंच असतं. ते गेल्यावर आपण त्यांचा संताप, हट्ट, एखाद्या मुलावर केलेला अन्याय, सगळं पुसून टाकतो. मुलं ते पाहून असतात. आपण पुसलं की त्यांना वाटतं, बाकीचंही असंच रंगवलेलं असेल. आजोबा रागीट होते, आणि तरीही अमुक दिवशी त्यांनी असं केलं, असं सांगितलं की मुलं ऐकतात.

त्यांच्या प्रार्थनेबद्दलही मोकळेपणानं बोला. तुमचा देवावर विश्वास असेल तर तसं सांगा, नसेल तर तसं सांगा. "मला जमत नाही, पण त्यांना त्यातून बळ मिळायचं, मी पाहिलंय," एवढं वाक्य खरेपणानं म्हटलेलं पुरतं. नसलेली भक्ती मुलांपुढे उभी करायची गरज नाही आणि असलेली लपवायचीही नाही. आजोबांची पोथी, जपमाळ, गंधाची डबी बोळवण केल्यासारखी एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवू नका. एखादी वस्तू मुलांच्या हाती लागेल अशा जागी असू द्या. पोथीच्या समासात त्यांनी पेन्सिलीनं काही लिहिलं असेल, बसचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलं असेल, मुलं त्यावरून विचारतील. तेव्हा घरातल्या त्या दिवसाची गोष्ट सांगता येते.

आणि ज्यांच्या घरी आजोबा अजून आहेत, त्यांनी वर्षश्राद्धाची वाट कशाला बघायची? येत्या सुट्टीत मुलांना त्यांच्याजवळ बसवा. तुम्ही देवाकडे काय मागता, हे मुलांनाच विचारू द्या. तुम्हाला कधी देवाचा राग आला का, हेही विचारू द्या. घरातल्या कुणासाठी तुम्ही बाहेरच्यांशी वाकडं घेतलंत का, कुणाच्या बाबतीत घ्यायला हवं होतं आणि घेतलं नाहीत, हेही. म्हातारी माणसं अशा प्रश्नांनी गांगरतात, विषय बदलतात, चहा मागतात. चहा द्या. मुलांना घाई करू देऊ नका. आणि तुम्ही शेजारी बसला असाल तर "अहो बाबा, तसं नव्हतं झालं" म्हणून मध्ये तोंड घालू नका. त्यांना आठवतं तसं त्यांना सांगू द्या. तारखा आणि नावं मागाहून तुमच्या आईला विचारून घेता येतील.